सुभद्राबाईचा उजवा खांदा

सरस्वतीबाईनं फळीवरची लोणच्याची बरणी काढायला हात वर केला, की सुभद्राबाईच्या पोटात आग पडायची. हात कसा, तर सरळ कानाला लागून वर. कण्हणं नाही, कुंथणं नाही, दुसऱ्या हातानं कोपराला टेकू देणं नाही. एकाहत्तर वर्षांची बाई भरलेली बरणी डोक्यावरून खाली उतरवते आणि वर विचारते, "कैरीचं काढू का लिंबाचं?" सुभद्राबाई तिच्याहून चार वर्षांनी लहान, आणि तिचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. वर्ष होत आलं, पोलकं आधी उजव्या हातात सरकवायचं आणि मग डाव्या हातानं ओढूनताणून अंगावर घ्यायचं. अंबाडा घालायला नातीपुढं मान खाली घालून बसायचं.

दोघी जावा. मोताळ्यात एकाच अंगणात समोरासमोर दोन दारं. सरस्वतीबाई थोरली, तिचा नवरा तुळशीराम चार वर्षांपूर्वी गेला. सुभद्राबाई धाकटी, तिचा मोतीराम अजून वांग्या-मिरच्यांची वाडी बघतो आणि बायकोच्या दुखण्यावर एकच औषध सांगतो, "तेल लाव." दोन्ही घरांच्या चुली निराळ्या, पण सणावाराला मांड्यांचं खापर एकच मांडलं जायचं, आणि त्या खापरापुढं कोण बसणार हा प्रश्न या घरात पंचेचाळीस वर्षं कुणाला पडला नव्हता. सुभद्राबाईच बसायची.

मांडा म्हणजे काही पोळपाटावरची पोळी नव्हे. पुरण भरलेला उंडा दोन्ही पंजांवर घ्यायचा आणि झेलत, फिरवत, या हातावरून त्या हातावर टाकत वाढवत न्यायचा. लाटण्याचा संबंधच नाही. उंड्याचा पंजा होतो, पंजाची ताटली होते, मग तो कोपरापर्यंत येतो, मग ओल्या रुमालासारखा दोन्ही हातांवरून लोंबायला लागतो, आणि त्याच क्षणी चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अंथरायचा. क्षणभर उशीर झाला की फाटला. फाटला की दुरुस्ती नाही.

सुभद्राबाई मलकापूरकडची. हा हुन्नर ती माहेरून घेऊन आली, आणि त्यावर तिची स्वतःची एक करामत होती. शेवटचे दोन फेरे ती डोक्यावर घ्यायची. दोन्ही हात वर, मांडा हवेत तरंगतोय, त्याच्यातून उजेड येतोय, पुरणाच्या शिरासुद्धा दिसताहेत, आणि मग वरून झपकन खाली, थेट खापरावर. हे बघायला गल्लीतल्या बाया पोरं कडेवर घेऊन उभ्या राहायच्या. लग्नकार्यात तिला न्यायला नांदुऱ्याहून जीप आलेली आहे. सासूनं मरताना दागिने दोघींना सारखे वाटले, पण खापर धाकटीच्या हवाली केलं.

सरस्वतीबाई मेहकरकडची. तिनं माहेरी मांडा नुसता ऐकला होता. धाकटी जाऊ आल्यावर ती तिच्याकडून शिकली, म्हणजे शिकायचा प्रयत्न केला. तिचा हात काही वर जाईना. वर नेला की मांडा फाटायचा, म्हणून ती कोपर अंगाशी आवळून, छातीपुढं, बुटक्या बुटक्या गिरक्या देऊन मांडा करायची. सुभद्राबाईनं तिला किती बोलायचं याला काही माप नव्हतं. "हात हायेत का खराटे, बाई?" "मांडा करून राह्यल्या का पाळणा हलवून राह्यल्या?" आणि बाया जमल्या की तिच्या हातच्या मांड्यांना एक नाव पाडलेलं होतं: कोपराचे मांडे. सगळ्या हसायच्या. सरस्वतीबाईही हसायची. दुसरं करणार काय?

आता पारडं फिरलं. मागच्या अक्षय तृतीयेला चौथा मांडा डोक्याकडं निघाला आणि सुभद्राबाईच्या खांद्यात कुणी सुरी फिरवल्यासारखं झालं. हात मधेच थांबला. मांडा थांबला नाही. तो पुरणासकट चुलीच्या तोंडाशी राखेत जाऊन पडला. सरस्वतीबाई उठली, हात धुऊन आली आणि म्हणाली, "सरक जराशी." तेव्हापासून वर्षभर खापरापुढं ती होती. कोपराचे मांडे लोक मिटक्या मारत खात होते. आमरसात बुडवल्यावर कोपर कुठं कळतो!

इथवर सुभद्राबाईनं कसंबसं गिळलं. पण चैत्रात अपेक्षाचं लग्न जमलं. अपेक्षा तिची सख्खी नात, बी.एस्सी. बी.एड., मोताळ्यातच शाळेत विज्ञान शिकवते. मुलगा चिखलीचा, सोहम. मुलाची आई शकुंतलाबाई निवृत्त शिक्षिका. बोलणं मोजकं आणि नजर सगळीकडं. बैठकीत ती म्हणाली, "देण्याघेण्याचं काही नाही हो. साखरपुड्याला तेवढे खापरावरचे मांडे खाऊ घाला. तुमच्या घरचे मांडे नावाजलेले आहेत, असं ऐकलंय."

सुभद्राबाई खुलली. तोंड उघडणार, तेवढ्यात मोतीराम तिकडून म्हणाला, "त्याची काय चिंता? वहिनी हायेत ना!"

बस. सहा आठवड्यांवर साखरपुडा, आणि नवऱ्यानं सोयऱ्यांसमोर खापर वहिनीला देऊन टाकलं. सख्ख्या नातीच्या साखरपुड्यात पहिला मांडा देवापुढं जाणार, तो जावेच्या हातचा? सुभद्राबाईनं तिथल्या तिथं मनात ठरवलं, वैशाखात खापरापुढं मी बसणार. मग खांद्याचं काय करायचं ते करा.

अपेक्षा तिला बुलढाण्याला व्यायामोपचार करणाऱ्या भार्गवी मॅडमकडं घेऊन गेली. भार्गवी तिशीतली, चटपटीत, टेबलावर खांद्याचा प्लास्टिकचा सांगाडा ठेवलेला. तिनं सुभद्राबाईचा हात धरून इकडून फिरवला, तिकडून फिरवला, कुठं कळ येते विचारलं, आधीच्या सोनोग्राफीचे कागद वाचले, आणि मग तो सांगाडा समोर ओढला.

"आजी, हा दंडाच्या हाडाचा गोळा. आणि ही त्याची खोबण. बघा किती उथळ आहे."

सुभद्राबाईनं पाहिलं. गोळा चांगला लिंबाएवढा, आणि खोबण म्हणजे चहाची बशी. तीही लहान.

"हे बशीवर लिंबू ठेवलं हो!" ती म्हणाली. "घरंगळून नाई जात?"

"जातं कधीकधी. म्हणून चारी बाजूंनी स्नायूंच्या दोऱ्यांनी आवळून धरलंय. खोबण खोल केली असती तर हात पक्का बसला असता, पण मग असा चहूकडं फिरला नसता. आणि ही वरची दोरी आहे ना, ती या हाडाच्या छपराखालून जाते. जागा बोटभरसुद्धा नाही. हात डोक्यावर नेला की दोरी छपराला घासते. वर्षानुवर्षं घासली की झिजते. तुमची झिजलीय, आणि सांधा आखडलाय."

"छप्पर जरा उंच बांधायले काय झालं होतं त्याले?"

"कुणाला?"

"ज्यानं बांधलं त्याले!"

भार्गवी हसली. सुभद्राबाई हसली नाही. तिला खरा प्रश्न विचारायचा होता. "मॅडम, माझी थोरली जाऊ. माझ्यापरस चार वर्सानं मोठी. त्याच घरची भाकर खाल्ली, त्याच विहिरीचं पाणी ओढलं. तिचा खांदा काऊन नाई झिजला?"

"त्यांना तपासल्याशिवाय कसं सांगू? काहींची जागा जन्मतःच थोडी मोकळी असते. काहींचं काम निराळं असतं." तिनं व्यायाम लिहून दिले: भिंतीवर बोटं चालवायची, काठी धरून हात फिरवायचा. वर म्हणाली, "सहा आठवड्यांत डोक्यावर हात जाईल अशी आशा ठेवू नका. सहा महिने तरी धरा. आणि तोवर खांद्याच्या वर काहीही न्यायचं नाही."

परतीच्या एसटीत सुभद्राबाईच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता: जन्मतः. म्हणजे सरस्वतीबाईला देवानं उंच छप्पर देऊन पाठवलं, आणि आपल्याला खोपटं. रूप तिला जास्त, उंची तिला जास्त, तोंडात अजून बत्तीस दात, आणि आता छप्परही तिलाच.

आजीची समजूत काढायची म्हणून अपेक्षानं तिला सांगायला सुरुवात केली, की आजी, माणसाचं सगळं शरीरच असं आहे. पाठीचा कणा चार पायांवर चालणाऱ्या जनावराचा, तो उभा केला म्हणून कंबर धरते. गालाच्या हाडाआड सर्दीची पोकळी आहे, तिचं पाणी निघायचं भोक तळाशी पाहिजे होतं, ते ठेवलंय वर. अक्कलदाढेला जबड्यात जागाच ठेवली नाही. पोरगी वर्गात शिकवल्यासारखी रंगून सांगत होती. सुभद्राबाई मात्र कान देऊन ऐकत होती ते निराळ्याच हिशेबानं. एवढे दोष आहेत तर त्यातला एखादा तरी थोरलीत सापडायलाच हवा.

कंबर? सरस्वतीबाई अंगण वाकून झाडायची. सर्दी? तिला पावसाळ्यात शिंकसुद्धा येत नव्हती. अक्कलदाढ? चारी होत्या, आणि त्यांनी ती सुपारी फोडायची.

"घास आणि श्वास एकाच दारातून आत जातात," अपेक्षानं सांगितलं. "घशात दोन वाटा होतात. वरचं झाकण जरा चुकलं की घास श्वासाच्या वाटेनं. म्हणून जेवताना बोलू नये."

हे बरं सापडलं. जेवताना बोलण्यात सरस्वतीबाईचा हात कुणी धरला नसता. त्या दुपारी सुभद्राबाई आपलं ताट घेऊन मुद्दाम समोरच्या दारात जाऊन बसली. भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. आणि विचारलं, "मोठ्या बाई, तुमच्या त्या मेहकरच्या मावसबहिणीचं काय झालं होतं हो?" हा विषय अर्ध्या तासाचा होता, हे तिला ठाऊक होतं. सरस्वतीबाई सुरू झाली. तोंडात घास, वरून गोष्ट, मधे हसणं, त्यात पाण्याचा घोट, पुन्हा घास. मावसबहीण पळून गेली, परत आली, नवऱ्यानं दार लावून घेतलं, ती म्हशीच्या गोठ्यात निजली. ठसका नाही. साधा ठसका नाही! म्हशीनं रात्रभरात मावसबहिणीचं लुगडं अर्धं खाल्लं हे ऐकलं आणि सुभद्राबाईलाच हसू फुटलं. भाकरीचा कण श्वासाच्या वाटेनं गेला. डोळे पांढरे झाले. सरस्वतीबाईनं उठून तिच्या पाठीत असे गुद्दे घातले की कण बाहेर आला, आणि उजव्या खांद्यापर्यंत कळ गेली.

"अवं, खाताना हसू नाई," सरस्वतीबाई म्हणाली. "एवढी शिकलेली नात हाये घरात, तिले इचार."

मग राहिला डोळा. अपेक्षानं सांगितलं होतं, की डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या तारा उलट्या, पुढच्या अंगानं बसवल्यात. त्या मेंदूकडं न्यायच्या तर पडद्याला भोक पाडणं आलं, आणि त्या भोकापुरतं कुणालाच दिसत नाही. तिनं करून दाखवलं. पांढऱ्या पंचावर तुरीच्या डाळीचे दोन दाणे, चार बोटांच्या अंतरावर. डावा डोळा झाकायचा, उजव्या डोळ्यानं डावीकडचा दाणा एकटक बघायचा आणि तोंड हळूहळू खाली आणायचं. वीतभरावर आलं की उजवीकडचा दाणा नाहीसा.

सुभद्राबाईनं सरस्वतीबाईला हाताला धरून आणलं. "बसा. डोया झाका. दोन दाणे दिसून राह्यले का?"

"हाव."

"आता खाली या. हळू. अजून."

सरस्वतीबाई थबकली. "एक गेला वं."

"गेला ना?" सुभद्राबाईला एवढा आनंद महिन्याभरात झाला नव्हता. "तुमच्या डोयात भोक हाये, मोठ्या बाई!"

"आजी, ते सगळ्यांच्याच असतं," अपेक्षा म्हणाली. "तुझ्याही आहे."

"असू दे. तिच्या हाये का नाई ते सांग."

सरस्वतीबाईनं डोळ्यावरचा हात काढला, दाणा जागेवर बघितला, उचलून डाळीच्या डब्यात टाकला. "सत्तर वर्स झाले, या भोकानं माझं काई अडलं नाई," ती म्हणाली, आणि हात उंच करून डबा फळीवर ठेवून दिला.

तो हात बघून सुभद्राबाईच्या मनात आलं ते तिनं लगेच करून टाकलं. साखरपुड्याला तीन आठवडे उरले असताना ती सरस्वतीबाईला म्हणाली, "बाई, तुम्हीबी एकदा त्या मॅडमले खांदा दाखवून घ्या. वय झालं. आतून काय झालं असन, वरून समजत नाई." बोलणं काळजीचं. मनात एकच, की त्या पोरीनं हिच्या खांद्यातूनही काहीतरी काढावं. चार दिवस तरी "हात वर नेऊ नका" म्हणावं. दोघी सारख्या झाल्या, की मग खापर ज्याचं त्याच्याकडं.

सरस्वतीबाई एका पायावर तयार झाली. बुलढाण्याला जायला मिळतंय तर ती डोकंसुद्धा तपासून घेईल.

भार्गवीनं तिचा हात वर नेला, मागं नेला, पाठीवर फिरवला. दाबलं, ओढलं, "दुखतंय का?" विचारलं. सरस्वतीबाई सगळ्याला "नाई" म्हणत गेली. शेवटी भार्गवी म्हणाली, "आजी, तुमचा खांदा छान आहे."

सुभद्राबाईनं खुर्चीचा दांडा धरला. "नीट पाह्यलं का, मॅडम?"

"नीटच बघितलं. पण मला एक सांगा, मांडे तुम्हीही करता? दोघी? करून दाखवा बघू."

पीठ कुठून आणणार? तिनं दोघींना एकेक ओला पंचा दिला. सरस्वतीबाईनं लाजत पंचा पंजांवर घेतला आणि छातीपुढं फिरवायला लागली. कोपर अंगाला चिकटलेले, गिरकी मनगटाची, आणि शेवटी कमरेतून वळून पंचा टेबलावर अंथरला. मग सुभद्राबाई उठली. दुखत होतं तरी तिनं कसर केली नाही. डावा हात पूर्ण वर, उजवा जाईल तेवढा, कळ दातांखाली दाबलेली. पंचा गरकन फिरला. बाहेर बाकावर बसलेला एक म्हातारा दारातून बघायला लागला.

"थांबा, थांबा," भार्गवी म्हणाली. "आलं लक्षात. असं किती वर्षं केलंत?"

"पंचेचायीस."

"एका कार्याला किती मांडे?"

"शंभर. दीडशे."

"म्हणजे एका दिवसात तीनशे वेळा ती दोरी छपराला घासली." भार्गवीनं सरस्वतीबाईकडं बोट केलं. "यांचा कोपर बरगडी सोडतच नाही. हात डोक्यावर जातो तो डबा काढायला, बरणी काढायला, तेवढाच. जागा दोघींची सारखीही असेल. पण यांच्या कामानं यांचा खांदा वाचवला असणार."

मग सरस्वतीबाई हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. "सुभद्रे! कोपराचे मांडे म्हने!" डोळ्यातून पाणी आलं तिच्या. "अख्ख्या मोताळ्याले हसवलं तू माझ्यावर. कोपराचे मांडे!"

सुभद्राबाईला त्या क्षणी बशीवरून लिंबू घरंगळून जावं तसं झालं. देवानं छप्पर ठेंगणं बांधलं, हे एकवेळ सोसलं असतं. पण जे आपल्याला येत होतं आणि हिला येत नव्हतं, त्यानंच आपला हात खाल्ला. आणि हिच्या आडमुठ्या हातांना बक्षीस!

"वाईट वाटून घेऊ नका," भार्गवी म्हणाली. "यात तुमचा फायदाच आहे. यांच्यासारखं केलंत, कोपर अंगाशी ठेवून, थोडे थोडे, मधे थांबत, तर साखरपुड्याला तुम्हीही बसू शकाल. कळ आली की मात्र तिथंच सोडायचं."

"यांच्यासारखं?" सुभद्राबाई म्हणाली. "मी?"

पाच दिवस ती त्या गोष्टीचं नाव काढत नव्हती. मोतीरामनं "तेल लाव" म्हटल्यावर तिनं तेलाची बाटलीच त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "तुमच्या तोंडाले लावा." पण दिवस थांबत नव्हते. खापर वापरून वापरून तडकलं होतं. सरस्वतीबाईनं बाजारातून नवीन आणलं, स्वतःच निवडून, बोटानं वाजवून. खापर निवडायचं कामसुद्धा आता तिचं! सहाव्या दिवशी दुपारी सगळे पडले असताना सुभद्राबाई ओला पंचा घेऊन गोठ्यात गेली. कोपर आवळला, मनगट फिरवलं. पंचा गुंडाळी होऊन गव्हाणीत पडला. गाईनं तो हुंगला. दुसऱ्यांदा कोपर नकळत सुटला आणि हात वर जायला लागला, सवयच ती. तिसऱ्यांदा तर पंचा तोंडावर आला.

"अंगठा आत घे," मागून आवाज आला.

सरस्वतीबाई दारात उभी. किती वेळची, कुणास ठाऊक.

"मले नाई शिकाचं," सुभद्राबाई म्हणाली.

"मंग गाईले शिकवून राह्यली का? अंगठा आत. कोपर दाब. अवं दाब ना, उंडा हाये का तुझ्या काखेत, फुटायले?" ती आत आली, तिनं मागून सुभद्राबाईचे दोन्ही कोपर धरले आणि बरगडीला चेपले. "आता फिरव. हात हायेत का खराटे?"

सुभद्राबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. शब्द तिचेच होते. सूरसुद्धा तोच. हिनं ते पंचेचाळीस वर्षं जपून ठेवले होते म्हणायचे!

"बोला, बोला," ती फिरवता फिरवता म्हणाली. "तुमचे दिवस हायेत."

"माह्ये दिवस आत्ता आले. पयले कुठं होते? तुझा मांडा वर गेला का समदे तिकडं पाह्यचे. माह्या मालकाले म्हटलं एकदा, मलेबी असं याले पाह्यजे होतं. तं म्हणे, तिच्यासारखं तुले कसं जमन? चार दिवस माह्या घशाखाली घास नाई गेला."

सुभद्राबाईचा हात थांबला. "तुम्ही जळत होत्या माझ्यावर?"

"मंग! जखमेले मीठ लागते तशी जळत होती. फिरव तू, थांबू नको."

त्या दिवशी सुभद्राबाई दोन भाकरी जेवली. खांदा जसा होता तसाच होता, पण महिन्यात पहिल्यांदा भूक लागली होती.

साखरपुड्याच्या दिवशी मागच्या अंगणात दोन चुली, दोन खापरं; दुसरंही सरस्वतीबाईनंच निवडून आणलेलं. चिखलीची माणसं चाळीस. पहिला उंडा सुभद्राबाईनं उचलला. सरस्वतीबाईनं थोरलेपणाचा हक्क सांगितला नाही, फक्त तिच्या कोपरांवरची नजर काढली नाही. मांडा झाला. लहान झाला, एका कडेला जाड राहिला, पण अखंड उतरला. अपेक्षानं तो ताटात घेऊन देवापुढं नेला. सुभद्राबाईनं श्वास सोडला, आणि दुसरा उंडा घेतला.

आठवा की नववा मांडा चालू असताना शकुंतलाबाई चार बायकांना घेऊन मागं आली. बघत उभी राहिली. मग म्हणाली, "आम्ही तर ऐकलं होतं, तुमच्याकडं मांडा डोक्यावरून फिरवतात. माझी नणंद एका लग्नात बघून आली होती. म्हणाली, बघत राहावं असं."

म्हणजे ते आपलंच. सुभद्राबाईच्या हातावर मांडा कोपरापर्यंत आलेला होता. पाच बाया बघताहेत, चिखलीच्या. मांड्याला ओढ होती, पिठाला ताण होता, फक्त दोन फेरे. दोनच. खांदा आज गप्प होता. तिचा उजवा कोपर बरगडीपासून सुटला, दोन बोटं, चार बोटं.

"सुभद्रे, कोपर!" शेजारच्या चुलीवरून सरस्वतीबाई ओरडली.

एवढ्या माणसांत! सोयऱ्यांसमोर! सुभद्राबाईनं तिच्याकडं असं बघितलं की दुसरी कुणी असती तर चुलीआड लपली असती. सरस्वतीबाईनं लपायचं सोडून आपला मांडा खापरावर टाकला आणि पुन्हा म्हणाली, "कोपर."

कोपर बरगडीला टेकला. मांडा छातीपुढं एक फेरा घेऊन कमरेच्या वळणानं खापरावर गेला.

"डोक्यावरून मीच फिरवत होते, बाई," सुभद्राबाई शकुंतलाबाईला म्हणाली. "पंचेचायीस वर्सं. आता खांदा झिजला. आता यायच्या हातचं शिकून राह्यली मी." हे वाक्य तिच्या घशातून कसं बाहेर आलं ते तिचं तिलाच ठाऊक. ठसका मात्र लागला नाही.

शकुंतलाबाईनं मान हलवली. "माझे गुडघे गेलेत. जमिनीवर बसता येत नाही. मला तर तुम्ही बसलात याचंच नवल वाटतंय." आणि ती पाटावरचे मांडे न्याहाळायला वाकली. वाकली तशी कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "हे कुणाचे? हे मोठे?"

"माह्ये," सरस्वतीबाई म्हणाली. लाज नाही, संकोच नाही.

सुभद्राबाईनं बघितलं. दोन चळती शेजारी शेजारी होत्या. सरस्वतीबाईचा प्रत्येक मांडा आपल्या मांड्यापेक्षा चांगला वीतभर रुंद, कडेपर्यंत सारखा पातळ. दोघी त्याच पिठाचे उंडे उचलत होत्या, आणि आपला हात पंधरा दिवसांचा, तिचा पंचेचाळीस वर्षांचा. पोटात ती ओळखीची आग पडली. पण या वेळी ती बरणीवर नव्हती, छपरावर नव्हती, दातांवर नव्हती. मनगटावर होती.

बाया पुढच्या अंगणात गेल्यावर तिनं मान वर न करता विचारलं, "मोठ्या बाई, तुमचा घेर एवढा कसा येते?"

"आता सांगू? लोक पंगतीत बसले हायेत."

"आताच सांगा."

"शेवटच्या फेऱ्याले मनगट उलटं टाकते मी. पर ते तुले जमाचं नाई इतक्यात. मले सहा वर्स लागले."

"तुम्हाले लागले असतील," सुभद्राबाई म्हणाली, कोपर आवळून पुढचा उंडा उचलला, आणि शेवटच्या फेऱ्याला मनगट उलटं टाकलं. मांडा मधोमध फाटला. तिनं तो बाजूला सारला आणि परातीतला दुसरा घेतला.